बसायची सोय, उठायची मुभा

आमच्या दोन दिवसांच्या वार्षिक संमेलनाबद्दल एक गोष्ट नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्यांना कधीपासून ठाऊक होती, पण बैठकीत तो विषय कुणी काढत नव्हतं. काही माणसं पैसे भरून येत, बॅज घेत, पहिलं सत्र ऐकत आणि दुपारनंतर दिसत नसत. शेवटी त्यांनाच मेल करून विचारलं. विषय कंटाळवाणे होते असं एकानेही लिहिलं नाही. एकीने लिहिलं, 'रांगेत उभं राहण्यातच दिवसभराची ताकद संपली.' एकाचं उत्तर 'दिवे' या एकाच शब्दाचं होतं. आणखी एकाने लिहिलं, 'आता पुढे काय होणार हे कुणी सांगतच नव्हतं. तेवढं कळलं असतं तर थांबलो असतो.'

रॅम्प, व्हीलचेअरची जागा, सांकेतिक भाषेचे दुभाषी हे आम्ही बरीच वर्षं करत होतो. ऑटिझम, एडीएचडी (लक्ष टिकवणं, एका जागी बसणं अवघड जाणं), डिस्लेक्सिया (वाचताना येणारी अडचण), टूरेट सिंड्रोम असलेल्या, म्हणजे ज्यांचा मेंदू बहुतेकांपेक्षा वेगळ्या रीतीने चालतो अशा न्यूरोडायव्हर्जंट लोकांसाठी काय करायचं याचा रकाना मात्र आमच्या यादीत नव्हताच. तो भरायचं काम माझ्याकडे आलं. 'एक शांत खोली ठेवू, कानात घालायला बोळे ठेवू, झालं,' असं अध्यक्ष म्हणाले. खर्चाच्या तक्त्यात तेवढीच ओळ होती.

मी आधी एक सल्लागार गट जमवला. सगळे स्वतः न्यूरोडायव्हर्जंट, आणि वक्त्यांना देतो तसंच मानधन त्यांनाही. फुकट सल्ला मागायचा आणि वर त्याला 'सहभाग' म्हणायचं, हा प्रकार त्यांनी पुष्कळ ठिकाणी भोगलेला होता. पहिली बैठक ऑनलाइन झाली. विषयपत्रिका आदल्या दिवशी पाठवली होती, कॅमेरा बंद ठेवायला हरकत नव्हती आणि बोलायचं नसेल त्याने टाइप केलं तरी चालणार होतं. दोघे जण पूर्णवेळ टाइपच करत होते आणि सर्वांत कामाच्या सूचना त्यांच्याकडूनच आल्या.

त्याच बैठकीत माझी सरळसोट कल्पना मोडली. एकाला ऐकताना गुणगुणावं लागतं, त्याशिवाय लक्ष टिकत नाही. दुसरीला शेजारच्याचं गुणगुणणं अजिबात सोसत नाही. एकाला मंद उजेड हवा, तर डिस्लेक्सिया असलेल्या सभासदाला कार्यक्रमपत्रिका वाचायला भरपूर उजेड हवा. एडीएचडीवाली म्हणाली, 'मला शांत खोलीत बसवलंत तर मी वेडी होईन. मला फिरायला जागा द्या.' सगळ्यांना एकाच वेळी मानवेल असा आवाज, असा उजेड, अशी बसायची रीत अस्तित्वात नाही. मग उरतं काय? काय होणार आहे ते आधी सांगायचं, आणि नको वाटेल त्याला उठून जाण्याची आणि परत येण्याची वाट मोकळी ठेवायची. पुढची सगळी कामं आम्ही या दोन कसोट्यांवर घासून पाहिली.

जागेची पाहणी करायला मी गटातल्या एका ऑटिस्टिक सभासदाला घेऊन गेले. मी दारांची रुंदी मोजत होते. तो सभागृहातल्या निरनिराळ्या खुर्च्यांवर जाऊन नुसता बसत होता. मागच्या कोपऱ्यात बसल्यावर लगेच उठला. तिथे वातानुकूलन यंत्रणेची बारीक घरघर होती, मला तो दाखवेपर्यंत ऐकूच आली नव्हती. बाहेरच्या पट्ट्यात जुन्या नळीच्या ट्यूबलाइट होत्या. अशा दिव्यांचा प्रकाश विजेच्या वारंवारतेच्या दुप्पट वेगाने लुकलुकतो, म्हणजे पन्नास हर्ट्झच्या पुरवठ्यावर सेकंदाला १०० वेळा. बहुतेकांना ते जाणवत नाही, काहींचं डोकं मात्र तासाभरात ठणकायला लागतं. 'दिवे' एवढंच लिहिणाऱ्या माणसाचं उत्तर मला तिथे, छताकडे बघताना कळलं. स्वच्छतागृहात गेलो तर हात वाळवणारं यंत्र, आणि त्याची भिंत नेमकी आम्ही शांत खोली म्हणून ठरवलेल्या खोलीला लागून. खोली बदलली. यंत्र बंद करून कागदी रुमाल ठेवायला व्यवस्थापक चटकन तयार झाले. ट्यूब मात्र बदलून मिळाल्या नाहीत, म्हणून त्या पट्ट्यातल्या बंद ठेवून भिंतीकडे तोंड केलेले एलईडी दिवे लावले.

ब्रिटिश मानक संस्थेने २०२२ साली पीएएस ६४६३ हा दस्तऐवज काढला आहे, खास इमारती आणि न्यूरोडायव्हर्सिटी या विषयावर. प्रकाश, आवाज, भिंतींवरचे नक्षीदार नमुने, दिशादर्शन अशा सगळ्यांचा विचार त्यात आहे. भाड्याच्या जागेत त्यातलं फार थोडं हातात असतं, पण व्यवस्थापकांशी बोलताना 'आमच्या मनात आलं' म्हणण्यापेक्षा असं काही पुढे ठेवता आलं की संभाषणाचा सूर बदलतो.

मग आली पुस्तिका. आम्ही तिला 'आधीच बघून घ्या' असं नाव दिलं. ऑटिस्टिक मुलांना एखादा प्रसंग समजावून सांगणाऱ्या छोट्या गोष्टी लिहायची पद्धत कॅरल ग्रे यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केली. पुढे नाट्यगृहं आणि संग्रहालयं तशाच चित्रमय मार्गदर्शिका मोठ्यांसाठीही काढू लागली. आमच्या पुस्तिकेत प्रवेशद्वाराचा बाहेरून काढलेला फोटो होता, रांग कुठून सुरू होते ते होतं, आणि अशी वाक्यं होती: 'आत आल्यावर डावीकडे टेबल आहे. तिथे तुमचं नाव विचारतील. बोलायचं नसेल तर फोनवरचा कोड दाखवा. पिशवी तपासतील. तपासणारे तुम्हाला हात लावणार नाहीत.' कोणत्या सत्रात व्हिडिओ आहे, कुठे अचानक अंधार होतो, कुठल्या मार्गाने गर्दी कमी असते, हेही लिहिलं.

समितीतले एक ज्येष्ठ सभासद ती वाचून हसले. 'अहो, मोठ्या माणसांना हे काय सांगायचं? पोरखेळ वाटतो.' मी वाद घातला नाही. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी तेच पुस्तिका हातात घेऊन मागचं दार शोधत फिरत होते.

पुस्तिकेच्या मांडणीसाठी डिस्लेक्सिया असलेल्या सभासदाने जेवढा वेळ दिला तेवढा कुणीच दिला नसेल. मजकूर डावीकडे सरळ आणि उजवीकडे मोकळा, कारण दोन्ही बाजू सरळ केल्या की शब्दांमधलं अंतर कमीजास्त होतं आणि ओळ डोळ्यांसमोर फुटते. पांढऱ्याशुभ्र पानाऐवजी किंचित पिवळसर. देवनागरीत दोन ओळींमध्ये जरा जास्तच जागा सोडावी लागते, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकींत घुसतात. तिरपी अक्षरं काढून टाकली. सगळं झाल्यावर एडीएचडीवाली म्हणाली, 'छान आहे, पण मी एवढं वाचणार नाही.' म्हणून एका पानाची आवृत्तीही निघाली.

नोंदणीच्या अर्जात निदान विचारायचं नाही, हे गटाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. निदान व्हायला अनेकांना वर्षं लागतात, काहींना ते मिळतच नाही, आणि मिळालेल्यांनी ते अनोळखी आयोजकांना का सांगावं? त्याऐवजी 'तुमची काही विशेष गरज आहे का?' असा मोकळा रकाना ठेवावा, असं मला वाटत होतं. तेही त्यांनी खोडलं. काय मिळू शकतं हेच माहीत नसेल तर माणूस काय मागणार? शिवाय मागताना आपण त्रास देतोय असं वाटतं, म्हणून रकाना रिकामा राहतो. आम्ही यादीच दिली: दाराजवळची खुर्ची, स्पीकरपासून लांबची खुर्ची, रांगेशिवाय प्रवेश, लेखी प्रश्न विचारण्याची सोय, सोबत्याला मोफत प्रवेश, सादरीकरणाच्या स्लाइड्स आधी. खाली 'आणखी काही' साठी जागा. यादी समोर आल्यावर लोकांनी भराभर खुणा केल्या. स्वतःला न्यूरोडायव्हर्जंट न म्हणणारेही त्यांत पुष्कळ असावेत. स्पीकरपासून लांब बसायला कुणाला आवडत नाही?

सर्वांत मोठं भांडण झालं ते संध्याकाळच्या संगीताच्या कार्यक्रमावरून. साउंड इंजिनीअर अनुभवी माणूस. 'आवाज उतरवला तर मैफल मरते,' असं त्याचं म्हणणं, आणि ते अगदी चुकीचं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमस्थळांसाठी मानक काढलं आहे. त्यात आवाजाची सरासरी १५ मिनिटांत १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, आवाज सतत मोजला जावा, कानांच्या संरक्षणाची साधनं मिळावीत आणि शांत जागा असावी, असं सांगितलं आहे. हे मानक सगळ्यांच्या श्रवणशक्तीसाठी आहे. ज्याच्या मेंदूला आवाज मुळातच अंगावर येतो त्याला ९० डेसिबलही पेलत नाहीत. डेसिबलची मोजपट्टी सरळ चढत नाही, दर दहा डेसिबलला ध्वनीची शक्ती दसपट होते, त्यामुळे 'थोडासाच वाढवलाय' या म्हणण्याला फारसा अर्थ नसतो.

तोडगा निघाला तो एका वेगळ्याच प्रश्नातून. गटातल्या एकीने विचारलं, 'मोठा आवाज मला एक वेळ चालेल, पण तो कधी येणार हे कळेल का?' त्रास बराचसा अचानकपणाचा होता. माईकची शिट्टी, निवेदकाने पुकारा करताच धडाडून सुरू होणारं शीर्षकसंगीत, कुणीतरी माईक टेबलावर आपटणं. मग साउंड इंजिनीअरही खुलला, कारण शिट्टी त्यालाही नकोच होती. प्रत्येक माईकची आधी तपासणी, शीर्षकसंगीत हळूहळू चढणारं, आणि सभागृहाच्या नकाशावर आवाजाचे तीन पट्टे: जोरदार, मध्यम, सौम्य. त्याने स्वतः फिरून ते आखून दिले. बोळ्यांच्या बाबतीतही त्याने एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. फोमचे साधे बोळे वरच्या पट्टीचे ध्वनी जास्त अडवतात, त्यामुळे बोलणं घुसमटल्यासारखं ऐकू येतं. भाषणासाठी फिल्टर असलेले वेगळे मिळतात. आम्ही दोन्ही ठेवले.

दिव्यांबाबत चर्चा लांबली नाही. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट होऊ नये, असा दंडक वेबसाइटच्या सुलभतेच्या नियमांत आहे, तो रंगमंचाला लावला आणि स्ट्रोब, म्हणजे झपझप लुकलुकणारा दिवा, काढून टाकला. अशा लखलखाटाने अपस्मार (फिट येण्याचा आजार) असलेल्या काहींना झटका येऊ शकतो, आणि ऑटिझमसोबत अपस्मार असण्याचं प्रमाण एरवीपेक्षा जास्त आहे, तेव्हा इथे घासाघीस करण्यात अर्थ नव्हता.

शांत खोलीबद्दल मात्र सांगण्यासारखं खूप आहे. अशी खोली जाहीर केली की ती लगेच भलत्याच कामांना लागते. फोनवर बोलायला, सामान ठेवायला, पाहुण्यांना चहा द्यायला, स्वयंसेवकांना पाय मोकळे करायला. आम्ही दारावर पाटी लावली: इथे बोलायचं नाही, फोन नाही, फोटो नाही, तुम्ही का आलात हे कुणी विचारणार नाही. दाराबाहेर एक स्वयंसेवक, आत कुणीही नाही. सजावट करणाऱ्या मंडळींनी प्रेमाने तिथे सुगंधी काड्या लावून ठेवल्या होत्या, त्या गटातल्या एकीने दार उघडताक्षणी ओळखल्या. खिडक्या उघडून खोली निवळेपर्यंत बराच वेळ गेला.

आणि एक खोली पुरत नाही. शेजारी मोकळी खोली ठेवली. तिथे पडद्यावर सभागृहातला कार्यक्रम चालू, आवाज हलका, जमिनीवर गाद्या, हातात चाळवायला खेळणी, फिरा, डोला, गुणगुणा. शांत खोलीत माणूस कार्यक्रमापासून सुटका करून घेतो, मोकळ्या खोलीत तो आपल्या पद्धतीने कार्यक्रम बघतो. दोन्ही गरजा एका छताखाली घातल्या असत्या तर दोघांचंही नुकसान झालं असतं.

रंगीत बॅजची कल्पना आमची नाही. ऑटिस्टिक लोकांनी ऑटिस्टिक लोकांसाठी अमेरिकेत भरवलेल्या ऑट्रीट या मेळाव्यांतून ती पसरली. पहिलं ऑट्रीट १९९६ साली झालं. हिरवा म्हणजे येऊन बोला, पिवळा म्हणजे ओळखीच्यांनीच बोला, लाल म्हणजे आत्ता कुणीच नको. रंगांधळ्यांसाठी त्यावर शब्दही छापले आणि बॅज उलटसुलट करता येईल असा केला, कारण सकाळचा हिरवा दुपारी लाल होतो. आमच्या एका प्रमुख वक्त्याने भाषण संपताच लाल बॅज लावला आणि निवांतपणे कोपऱ्यात जाऊन बसला. हेवा वाटला.

टाळ्यांचं गाडं मात्र अडलं. हात हवेत हलवून दाद द्यावी, अशी सूचना होती. बधिर समाजाची ती जुनी पद्धत आहे. पण आमच्या वक्त्यांपैकी एक अंध होत्या. त्या म्हणाल्या, 'माझं भाषण संपल्यावर सभागृह चिडीचूप? मला वाटेल सगळे निघून गेले.' त्यांचं म्हणणं खोडण्यासारखं नव्हतं. शेवटी ठरलं ते असं: मध्येमध्ये टाळ्या नाहीत, सत्राच्या शेवटी एकदाच, आणि त्याआधी सूत्रसंचालक 'आता टाळ्या होतील' असं सांगून क्षणभर थांबणार. ज्याला कान झाकायचे त्याने झाकावेत.

स्वयंसेवकांचं प्रशिक्षण मी आटोपशीर ठेवलं. स्पर्श करू नका. डोळ्यांत बघण्याचा आग्रह धरू नका. कमी शब्दांत बोला आणि मग गप्प राहून उत्तराची वाट बघा, ही शेवटची गोष्ट सगळ्यांना सर्वांत अवघड गेली. अतिताणाने कुणी ओरडू किंवा रडू लागलं तर तो हट्ट नसतो, समजावून तो थांबत नाही. आणि असाच ताण काहींना उलट गोठवून टाकतो. असा माणूस कुणाला त्रास देत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. सूर्यफुलांच्या नक्षीचा हिरवा पट्टा गळ्यात दिसला तर त्या माणसाला वरवर न दिसणारी काही अडचण आहे असं समजायचं, हेही सांगितलं. २०१६ साली गॅटविक विमानतळावर सुरू झालेली ही खूण आता अनेक देशांत चालते.

पहिल्याच दुपारी या प्रशिक्षणाचा कस लागला. जिन्याच्या पायरीवर एक तरुण कान दाबून बसला होता, सत्र सुटलेलं आणि माणसांचा लोंढा खाली येत होता. आमच्या स्वयंसेवक मुलीने त्याच्याशी एक अक्षर न बोलता आधी गर्दी दुसऱ्या जिन्याकडे वळवली. मग जरा अंतर ठेवून बसली आणि कार्ड पुढे केलं. त्यावर तीन शब्द होते: शांत खोली, पाणी, इथेच. त्याने 'इथेच'वर बोट ठेवलं. ती तिथेच बसून राहिली. बऱ्याच वेळाने तो उठला आणि पुढच्या सत्राला गेला. एक सभासद मध्येच सुरक्षारक्षकाला बोलवायला निघाले होते, त्यांना मी थांबवलं.

दुसऱ्या दिवशी एका सत्रात टूरेट असलेले एक गृहस्थ बसले होते. टिक्समुळे, म्हणजे आवरता न येणाऱ्या झटक्यांमुळे, त्यांच्या तोंडून मधूनमधून आवाज निघत, शब्द निघत. सूत्रसंचालकाने सुरुवातीलाच सांगितलं होतं, 'आज इथे काही आवाज होतील, लोक उठतील-बसतील, ते सगळं चालणार आहे.' तरी एक श्रोते बाहेर येऊन माझ्याकडे तक्रार करू लागले. टूरेट असलेल्या ब्रिटनमधल्या कलाकार जेस थॉम यांची हकिकत मला आठवली. २०११ साली एका कार्यक्रमात इतरांच्या तक्रारींमुळे त्यांना ध्वनिनियंत्रणाच्या कक्षात बसून उरलेला प्रयोग बघावा लागला होता. टूरेट असलेल्या माणसाला हलवायचं नाही, हे माझं ठरलेलं होतं. तक्रार करणाऱ्यांना म्हटलं, 'पलीकडच्या खोलीत पडद्यावर हेच सत्र चालू आहे, तुम्हाला तिथे जागा करून देऊ का?' ते रागावले. गेले नाहीत. आत जाऊन बसले आणि सत्र संपेपर्यंत ऐकत राहिले.

सुट्टीतल्या गप्पा हे अनेकांना भाषणांपेक्षा कठीण जातं. 'मोकळेपणाने मिसळा' ही सूचना म्हणजे कुणाशी, कशावर आणि किती वेळ, याची काहीच खबर नाही. आम्ही टेबलांवर विषयांच्या पाट्या ठेवल्या आणि एका टेबलावर फक्त मोठं जिगसॉ कोडं. कोड्याचं टेबल कधीच रिकामं नव्हतं. प्रश्न विचारायला माईकसोबत चिठ्ठ्याही ठेवल्या, त्यामुळे प्रश्नाच्या नावाखाली भाषण करणाऱ्यांना आपोआप आळा बसला.

बिघडलंही बरंच. पहिल्या दिवशी प्रवेशाची रांग रेंगाळली आणि रांगेशिवाय प्रवेश मिळालेल्यांकडे इतर लोक डोळे वटारून बघत राहिले. शांत खोली संध्याकाळच्या आधी भरली. एक वक्ता ऐन वेळी आला नाही. तेव्हा बदललेलं वेळापत्रक पडद्यावर आणि फोनवर एकदमच पाठवलं, पण ज्यांनी पुस्तिका पाठ केली होती त्यांना तो बदल फार जड गेला. एकीने लिहिलं, 'नवं वेळापत्रक पाठवलंत, जुनं रद्द झालं असं मात्र कुठेच लिहिलं नाहीत.' आता प्रत्येक बदलाच्या वर जुनी ओळ रेघ मारून ठेवायची, असं ठरलंय. सत्रांमधली सुट्टी वाढवून मागितली आहे. एवढ्या सगळ्या सोयींमध्ये तीच सर्वांत स्वस्त आणि तिलाच सर्वांत जास्त विरोध, कारण प्रत्येकाला आपलं भाषण कार्यक्रमात हवं असतं.

सध्या वाद चालू आहे तो संगीताच्या कार्यक्रमाचा. ब्रॉडवेवर २०११ साली ऑटिझम असलेल्या प्रेक्षकांसाठी पहिला खास प्रयोग झाला, तसा आपणही एक वेगळा सौम्य प्रयोग ठेवावा, असं गटातल्या निम्म्यांना वाटतं. उरलेले म्हणतात, 'आम्हाला वेगळी संध्याकाळ नको. तीच हवी, सगळ्यांसोबत, दाराजवळच्या खुर्चीवर.' साउंड इंजिनीअर आता दुसऱ्या बाजूने भांडतोय. पुढची बैठक त्याच विषयावर आहे, विषयपत्रिका आज पाठवायची आहे.